सुगंधाच्या शेजारची जागा

१० नोव्हेंबर १९८६, सोमवार

आज पांढरा कोट मिळाला. पद्मजाबाई रिटायर झाल्या आणि पॅकिंगची सुपरवायझर — मी! शनिवारपर्यंत बेल्टवर सुगंधाच्या शेजारी उभी राहून खोकल्याच्या औषधाच्या बाटल्यांना लेबलं लावत होते. आता बेल्टच्या टोकाला उभं राहायचं आणि बघायचं. हात रिकामे. कुठे ठेवू कळेना, शेवटी कोटाच्या खिशात घातले.

जेवणाच्या सुट्टीत नेहमीच्या कोपऱ्यात गेले. विमला काहीतरी सांगत होती, सगळ्या हसत होत्या. मला बघून गप्प. विमलाने सरकून जागा केली, पण म्हणाली, "बसा." शनिवारपर्यंत अगं-तुगं होतं. सुगंधाने डब्यातून मान वर केली नाही.

१२ नोव्हेंबर

पद्मजाबाईंच्या टेबलावर एकटीच जेवले. बांगड्याचं तिखलं नेलं होतं. इतकी वर्षं अर्धं सुगंधाच्या डब्यात जायचं. सवयीने जास्तच नेलं. उरलेलं घरी आणलं. हे म्हणाले, "बरं नव्हतं झालं का?" मी त्यांच्या ताटात वाढलं.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

साहेब सकाळी वरच्या ऑफिसातून खाली आले. "बायकांची तोंडं बंद ठेव, हात आपोआप चालतील." म्हणून मी ओरडले, "बोलणं बंद." झालं बंद. दुपारभर नुसता बाटल्यांचा खडखडाट. आणि माल कालच्यापेक्षा कमीच निघाला.

सुटल्यावर सगळ्या माझ्या पुढे मरोळ नाक्याकडे चालल्या होत्या. सुगंधा काहीतरी बोलली, बाकीच्या हसल्या. काय बोलली असेल? माझ्याबद्दलही असेल. चालेल. ऐकायला मिळालं असतं तरी चाललं असतं.

१७ नोव्हेंबर, सोमवार

विमलाला सातवा महिना. दिवसभर उभी असते. आज चक्कर आली, सुगंधाने धरली म्हणून पडली नाही. आणि आठवड्यात पहिल्यांदा सुगंधा माझ्याशी बोलली — "बघतेस काय, प्रेमा? वर जा, स्टूल माग."

गेले. जिन्यात वाक्यं जुळवली होती, साहेबांसमोर सगळी विसरले. म्हटलं, "साहेब, बायका म्हणतात की विमलाला..." त्यांनी पुरतं बोलूही दिलं नाही. "बायका काय म्हणतात ते सांगायला तुला कोट दिलाय का? एकीला स्टूल दिलं की उद्या सगळ्या मागतील."

खाली आले. सुगंधाने विचारलं, "काय झालं?"

"नाही म्हणाले."

"तू काय म्हणालीस?"

सांगितलं. ती लेबल लावता लावताच म्हणाली, "बायका म्हणतात. आणि तू काय म्हणतेस गो?"

बसमध्ये घाटकोपर येईपर्यंत दुसरं काही सुचलं नाही.

१८ नोव्हेंबर

आज कुणाला विचारलं नाही. पुठ्ठ्याचे खोके रचले, विमलाला त्यावर बसवलं, बाटलीसोबतच्या कागदांच्या घड्या घालायचं काम दिलं. तिच्या जागी बेल्टवर मी. सुगंधाच्या शेजारी!

साहेब आलेच. "हे काय चाललंय?" हातातली बाटली पुढे सरकवली आणि बोलले. "विमला बसून काम करणार साहेब. मी ठरवलंय. रोजचा माल निघाला नाही तर मला विचारा." बेल्टकडे एकदा बघून ते वर गेले.

माल पुरा निघाला. बायका बोलत होत्या, मीही. सुगंधाच्या कोपराला कोपर लागत होतं. हात आपसूक चालत होते. इतकं बरं किती दिवसांत वाटलं नव्हतं.

सुटताना सुगंधा म्हणाली, "उद्या इथे उभी राहू नको."

"का?"

"तू इथे होतीस तेव्हा तिथे कोण होतं? झाकणं संपली, कुणी बघितलं नाही. काम टाकून मी गोडाऊनला धावले. शेजारी उभी राहायला आम्हाला कुणीही मिळेल."

कुणीही. तोंड फिरवून गेली. मी कोटाची बटणं लावत राहिले.

२२ नोव्हेंबर, शनिवार

दोन स्टुलं आली. साहेबांनी गुपचूप पाठवली.

विमलाच्या जागी गोडाऊनमधली शेवंती घेतली. मी टोकालाच उभी. झाकणं, लेबलं, डिंक — संपायच्या आधी मागवते. मधल्या वेळात एकेकीला विचारलं, पाय कुणाचे दुखतात, दुसरं स्टूल पाळीपाळीने कसं द्यायचं. आधी कुणी बोलेना. मग सगळ्या एकदम बोलायला लागल्या, शेवटी विमलाने पाळ्या लावून दिल्या. मी फक्त हो म्हटलं.

अजून "अहो" म्हणतात. शेवंती सुगंधाला कोलीमचं लोणचं वाढत होती. मी टेबलावरून बघितलं. मग बघितलं नाही.

३० नोव्हेंबर, रविवार

मार्केटात पद्मजाबाई भेटल्या. म्हणाल्या, "तुला ठाऊक नाही? कोट मी आधी सुगंधाला देऊ केला होता. नको म्हणाली. 'मी नुसती भांडेन, प्रेमा सगळ्यांचं ऐकून घेईल, तिला द्या,' म्हणाली. जाता जाता दारातून परत आली आणि म्हणाली — 'ती माझ्या शेजारी नसणार, तेवढं मी सोसून घेईन.'"