माळ्यावरून पडल्याचा कागद

॥ मन्मथ माउली प्रसन्न ॥

मु. खडकवाडी, ता. केज
रविवार, ९ मार्च १९९७

चि. कल्याण यास अक्काचे आशीर्वाद. इथलं सगळं ठीक हाय. तुझे दाजी दोन टाइम जेवतात, दुकानात बसतात, उजवा हात अजून उचलत न्हाई.

तुझं पत्र शिवरात्रीच्या दिवशी पोचलं. आमदाराचं छापील पाकीट बघून पोस्टमन चपला काढून दुकानात आला. मी म्हणलं, बाबा, आत देव न्हाई, वाण्याचं दुकान हाय. त्या दिवशी उपास होता म्हणून रागावले न्हाई. आज उपास न्हाई, म्हणून लिहायला बसले.

फाट्यावर आता एसटीडीचं काचेचं खोकं झालंय. पण तिथं बोललं की बाहेरची रांग ऐकते, आणि तिकडं तुझा पीए म्हणतो, साहेब मीटिंगमध्ये आहेत. साहेब संडासात असले तरी मीटिंगमध्येच असतात. त्यापेक्षा पत्र बरं.

तुझं पत्र दोनदा वाचलं. तू लिहितोस, गृहखात्याच्या खर्चाला तू कपात सूचना दिलीस. म्हणजे आधी खर्चाला विरोध करायचा, आणि मग विरोध मागं घ्यायला काय देता ते विचारायचं. त्यासाठी मंत्र्याच्या दालनात तीन दिवस काजू खात बसलास. तुझी मागणी एकच, खडकवाडीच्या चौकीचं पोलीस ठाणं करा, एक जीप द्या, वीस माणसं द्या. मागणी चांगली हाय, गावाला ठाणं पाहिजेच. पण सचिवानं आकडे काढले. तीन वर्षांत शेजारच्या आमदार राजेश्वररावाकडं एकशे वीस गुन्हे आणि आपल्याकडं सव्वीस. ठाणं एकच, आणि ते गुन्हे बघून मिळणार. मंत्री तुला हसून म्हणाला, कल्याणराव, तुमच्याकडं तर रामराज्य आहे, तुम्हाला पोलीस कशाला?

हे रामराज्य कुणी केलं, ते मंत्र्याला सांगितलंस का? चौकीवर येईल त्या जमादाराला तू दम भरायचास, कागद करू नका, आपसात मिटवा. म्हैस चोरीला गेली तर ती वाट चुकली. डोकं फुटलं तर ठेच लागली. मग सभागृहात उभं राहून सांगायचं की माझ्या मतदारसंघात गुन्हेगारी न्हाई. त्याचं पेपरातलं कात्रण तूच मला धाडलंस, तांबड्या पेनानं चौकट मारून. चौकीत चार शिपाई होते, त्यातले दोन बंदुका घेऊन तुझ्या मागं फिरायला गेले. जिथं गुन्हेच न्हाईत तिथल्या आमदाराला दोन बंदूकवाले कावून लागतात, हे विचारायची अक्कल एवढ्या मोठ्या सभागृहात एकालाही सुचली न्हाई. दिवसाला किती भत्ता मिळतो रे तुमाला?

आता म्हणतोस, पंचवीसला गृहखात्याचं मतदान हाय, वीस तारखेच्या आत शंभरावर गुन्हे नोंदवून पाठवा. त्यासाठी तुझ्या कार्यकर्त्याला, त्या संगमेशला, जीप देऊन धाडलंस. इथं काय चाललंय ते ऐक.

संगमेशनं जीपवर भोंगा बांधलाय. मायबाप हो, आपापला गुन्हा नोंदवा, आपलं ठाणं आणा. प्रत्येक गल्लीनं दहा द्यायचे ठरलंय. नोंद केली की चहा आणि बुंदी. राशनला नसते एवढी रांग चौकीपुढं लागलीय. म्हाळूला तीनदा लुटलं, आणि म्हाळूकडं अंगावरच्या बंडीबिगर लुटण्यासारखं काही न्हाई. सुंदरबाईनं दोन वर्षांमागं मेलेली शेळी चोरीला घातली. दोघा सख्ख्या भावांनी एकमेकांवर मारामारी लिहून दिली आणि एकाच सायकलवर डबलसीट घरी गेले. छबुबाईनं मात्र नवऱ्यानं बाहत्तरच्या दुष्काळात तिचे तोडे विकल्याचं सांगितलं. ते खरं हाय. जमादार म्हणाला, मावशी, तीन वर्षांच्या आतलं पाहिजे. सगळ्या रांगेत एवढं एकच खरं होतं, आणि तेवढंच परत आलं.

जमादार नवा हाय, ख्वाजा नावाचा, सहा महिन्यांपूर्वी बदलून आलाय. त्याला वरून हुकूम हाय, तीन वर्षांच्या आतलं असलं की येईल त्याचं लिहा, कुणाला परत लावू नका. त्याचा कार्बन पेपर संपला तेव्हा माझ्याच दुकानातून नेला. म्हणाला, "अक्का, तीस साल नोकरी झाली. लोकांना चौकीतून हाकलायचं हेच शिकलो. आता हेच लोक बोलवून बोलवून आणा म्हणायलेत."

तुझ्या पत्राच्या शेवटच्या चार ओळी राहिल्या. 'दाजींचं ते प्रकरणही आता घालून टाक. आमिनाबीच्या पोराचंही घ्या, मुसलमान बाई आहे, सभागृहात वाचून दाखवायला चांगलं दिसेल.' त्याबद्दल मला आज काही लिहायचं न्हाई. आमिनाबी रोज माझ्या दुकानापुढं फळांची पाटी मांडते. आताही समोरच बसलीय. तिनं विचारलं, भावाचं पत्र का? मी म्हणलं, हो, खुशाली हाय.

काजू कमी खा, तुला पित्त हाय.

अक्का

* * *

खडकवाडी
शुक्रवार, २१ मार्च १९९७

कल्याण,

आशीर्वाद लिहायला हात उचलत न्हाई, म्हणून नुसतं नाव लिहिलं.

तुझं काम झालं. एकशे अठरा गुन्ह्यांचा गठ्ठा परवा सकाळच्या एसटीनं बीडला गेला. संगमेशनं तुला फोन करून आकडा सांगितलाच असेल. त्यातल्या एकशे अठराव्यात काय लिहिलंय, ते त्याला ठाऊक न्हाई. ते सांगायला हे पत्र.

चौदा तारखेला आमिनाबी चौकीत गेली. तिला कुणी बोलवलं नव्हतं, तिनं बुंदी घेतली न्हाई. तिचा आतिफ दोन वर्षांमागं घाटाच्या वळणावर डोकं फुटून पडलेला सापडला, पेरूच्या पाट्या उलट्या, खिसे रिकामे. तेव्हा ती छाती बडवून सांगत होती की पोराला लुटून मारलं. तेव्हाच्या जमादारानं तिला वही दाखवली. बघ बाई, या रस्त्यावर आजवर एक लूट झालेली न्हाई, तुझा पोरगा सायकलवरून घसरला. आणि तसंच लिहिलं.

या वेळी ख्वाजा जमादारानं तिचं सगळं लिहून घेतलं. पण तिला खरं ते सांगितलं. "बी, मी लिहिलं, पण हे म्हाळूच्या आणि शेळीच्या गठ्ठ्यात जाऊन पडणार. त्या वळणावर त्याच्या आधी कुणाला लुटलंय असं सांगणारा एक माणूस आण, मग तपास करावाच लागेल." ती तिथून सरळ माझ्या दुकानात आली. विचारलं, "अक्का, तुमचं दुकान रस्त्यावर हाय, तुमी कधी ऐकलं का हो कुणाचं?" मी साखर तोलत होते. तुझे दाजी खुर्चीवरून म्हणाले, "त्या वळणावर कुणी लुटत न्हाई. मी जन्मभर गेलो-आलो." मी पुडी बांधली आणि गिऱ्हाइकाला दिली.

तुला सगळं ठाऊक हाय, तरी लिहिते. माझ्या हातानं ते एकदा खरं लिहून झालं पाहिजे.

डिसेंबर चौऱ्याण्णव. हे केजच्या बाजारातून लुनावर माल घेऊन येत होते. दुपारचे चार वाजलेले. त्याच वळणावर तिघांनी अडवलं, डोक्यात पहार घातली, साखर, चहापत्ती, मनगटावरचं घड्याळ सगळं नेलं. टेम्पोत माझ्या मांडीवर डोकं होतं तेव्हा शुद्धीवर होते, स्पष्ट बोलले. तिघं होते, एक लंगडत होता, त्याच्या हाताला सहा बोटं होती. दवाखान्याच्या दारात शुद्ध गेली. तू दोन तासांत आलास. मला वाटलं, माझा भाऊ धावून आला.

तू मला व्हरांड्यात घेतलंस. निवडणूक दोन महिन्यांवर हाय, अक्का. आमदाराच्या मेव्हण्यालाच आमदाराच्या गावात लुटलं म्हणून विरोधक ढोल वाजवतील. जमादारानं तुझ्या गाडीच्या बॉनेटवर कागद लिहिला, 'दुकानाच्या माळ्यावरून पाय घसरून पडले'. बेशुद्ध माणसाचा अंगठा उमटवला. खाली साक्षीदार म्हणून सही, शिवगंगा आप्पाराव. माझा हात कुणी धरला नव्हता. आमदाराची बहीण म्हणवून घ्यायला मलाही गोड लागायचं. सगळं तुझ्या माथी मारून मी मोकळी होणार न्हाई.

चाळीस दिवसांनी आतिफ मेला. मी मयतीला गेले, आमिनाबीला पाणी पाजलं, तिची पाठ चोळली. लंगडा आणि सहा बोटं माझ्या तोंडात होती आणि मी तोंड उघडलं न्हाई. तू निवडून आलास. आपल्या दारापुढं गुलाल पडला.

तुझे दाजी तीन आठवड्यांनी शुद्धीवर आले तेव्हा त्यांना त्या दिवसाचं काही आठवत नव्हतं. भेटायला येणारा जो तो म्हणायचा, माळ्यावरून पडलात म्हणे. हळूहळू त्यांना ते आठवायलाच लागलं. कुठली पायरी निसटली तेसुद्धा सांगतात. मला माळ्यावर चढू देत न्हाईत, शिडी फोडून चुलीत घातली. आमिनाबी गेल्यावर मी दार लोटून त्यांच्यापुढं बसले, म्हणलं, अहो, तुमी पडला न्हाईत, तुमाला मारलं, माझ्या मांडीवर तुमीच सांगितलंत. मग म्हणाले, "कागद हाय ना. त्याच्यावर तुझी सही हाय. तू खोटी सही करशील का?"

कल्याण, मी तिथंच रडले. दुकान दोन दिवस उघडलं न्हाई.

सतरा तारखेला आधी आमिनाबीकडं गेले आणि तिला सगळं सांगितलं. ती ओरडली न्हाई, शिवी दिली न्हाई. एवढंच विचारलं, "सहा बोटं? तुमाला तवाच ठाऊक होतं?" मी हो म्हणलं. दुसऱ्या दिवसापासून तिची पाटी रस्त्याच्या पलीकडं लागते. दिवसभर ती तिकडं आणि मी इकडं. मला लई जड जातंय, आणि जड जायलाच पाहिजे.

अठराला चौकीत गेले. संगमेशनं भोंग्यावरून ओरडून सांगितलं, साहेबांच्या अक्का स्वतः आल्या, टाळ्या वाजवा. लोकांनी वाजवल्या. आत जाऊन मी जमादाराला तीन माणसं, लंगडा, सहा बोटं, पहार, सगळं सांगितलं. त्यानं लिहिलं आणि सहीला कागद पुढं केला. म्हणलं, अजून हाय, लिहा. खोटा कागद करायला लावणारा आमदार कल्याणराव, खोटी सही करणारी त्याची बहीण. त्यानं पेन खाली ठेवलं. "अक्का, सोचून बोला. सगा भाई हाय."

"तुमाला हुकूम काय हाय?"

"येईल त्याचं लिहा."

"मग लिहा."

लिहिलं बिचाऱ्यानं. कागदावर शिक्का मारताना म्हणाला, बीडला कुणी वाचत न्हाईत, नुसते मोजतात. बाहेर संगमेश माझ्यासाठी बुंदी घेऊन उभा होता.

शिक्क्याची एक नक्कल माझ्याकडं हाय. दुसरी आमिनाबीच्या दारात ठेवून आले, तिनं ती उचलली. हा आकडा तू एव्हाना मंत्र्यापुढं ठेवला असशील. आता त्यातला एक कागद काढायचा तर कुठला आणि कावून, हे तुला सचिवासमोर सांगावं लागेल. पंचवीसला उठून ठाणं मागितलंस, तर त्या ठाण्याच्या पहिल्या वहीत तुझं नाव जाईल. न मागता कपात सूचना गिळून खाली बसलास, तर कावून बसलास ते आमिनाबी केजच्या बाजारात फळं विकता विकता सांगेल. दोन्ही रस्ते तूच बांधलेत. कोणता धरतोस ते मी पेपरात वाचीन, या वेळी कात्रण धाडायची तसदी घेऊ नको.

राखीला येऊ नको. चौकशीला बोलावतील तेव्हा दोघं एकाच बाकावर बसू.

फिर्यादी, आणि आरोपी नंबर दोन,
शिवगंगा आप्पाराव