व्हिनेगरच्या कपाटातल्या सहा बाटल्या

मी, खाली सही करणारी, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, एका जुन्या हॉटेलच्या तळघरातल्या दारूच्या कोठाराची निवृत्त प्रमुख, कामावरच्या लोकांत ‘किल्लीबाई’ म्हणून ओळखली गेलेली, आज हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण कायद्याला गुडघे लागत नाहीत असे वकीलबाई म्हणाल्या. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. लेक शेजारी बसून ‘आई, जरा आटप’ म्हणते आहे, तो दबाव धरू नये.

१. नऊ वर्षांपूर्वी केलेले माझे मृत्युपत्र मी संपूर्ण रद्द करते. त्यातल्या सहाव्या कलमात मी लिहिले होते की माझ्या धाकट्या भावाला माझ्या मयतीलाही या घराचा उंबरठा ओलांडू देऊ नये. ते रद्द करताना मला किती हलके वाटते आहे हे कायद्याच्या भाषेत कसे लिहितात मला ठाऊक नाही. म्हणून साधेच लिहिते. माझा भाऊ चोर नाही. तो कधीच चोर नव्हता.

२. तिसऱ्या मजल्यावरचे माझे राहते घर, दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, लेकीला द्यावे. न्हाणीघराची खिडकी उचलून मग ढकलावी लागते, नुसती ढकलली तर काच हातात येते. वरच्या मजल्यावरच्या गृहस्थांकडे माझी शिडी आठ वर्षे आहे. ती त्यांच्याकडून परत आणावी आणि त्यांना दाखवून जिन्यात ठेवावी.

३. बँकेतली शिल्लक निम्मी लेकीला आणि निम्मी माझ्या भाचीला, म्हणजे धाकट्याच्या मुलीला मिळावी. या मुलीला मी एकदाही कडेवर घेतले नाही. तिचा दोष एवढाच की ती त्याची मुलगी होती. आता ती पस्तिशीची आहे आणि माझ्यापेक्षा उंच आहे, कडेवर घेण्याची वेळ गेली.

४. हे बदल का केले याचे कारण देणे कायद्याने आवश्यक नाही. मला आवश्यक आहे.

एकेचाळीस वर्षांपूर्वी माझ्या कोठारात फ्रेंच ब्रँडीच्या सहा जुन्या बाटल्या होत्या. थोरल्या मालकांच्या वडिलांनी आणलेल्या, विकायच्या नव्हत्या, नुसत्या मिरवायच्या. त्या वर्षी तळघरात ओल आली आणि लेबलांच्या खळीला कसर, म्हणजे कागद खाणारी कीड, लागली. लेबल गेले की बाटलीची ओळख गेली, हे आमच्या धंद्यात नवख्यालाही कळते. म्हणून मी सहाही लेबले वाफेवर सोडवली, मेणकागदाच्या पाकिटात घातली आणि बाटल्या व्हिनेगरच्या कपाटात मागच्या बाजूला नेऊन ठेवल्या. तिथेच का, तर वाइनची बाटली आडवी ठेवतात, म्हणजे बूच ओले राहते. ब्रँडीला मात्र उभेच ठेवावे लागते, नाहीतर ती बूच खाऊन टाकते. कोरडे आणि उभ्या बाटल्या मावतील असे तळघरात तेवढे एकच कपाट होते. वहीत नोंद उद्या करू म्हटले. आणि त्याच रात्री मला विषमज्वराने धरले.

पाच आठवड्यांनी उठले तेव्हा डोक्यावरचे केस गेले होते आणि तापाच्या आधीच्या दिवसांची आठवणही गेली होती. मधल्या काळात कोठाराची किल्ली धाकट्याकडे होती. तो वर बारमध्ये पेले भरायचा. साठा मोजला तर ब्रँडीच्या सहा बाटल्या कमी. चौकशीत मॅनेजरने मला एकच प्रश्न विचारला आणि मी एकच वाक्य बोलले, “किल्ली त्याच्याकडे होती.” वाक्य खरे होते. तेवढ्यावर त्याची नोकरी गेली. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, इथे तर मुळात चोरच नव्हता!

त्यानंतर कुठल्याही बारमध्ये त्याला कोणी उभे केले नाही. त्याने कुलूप-किल्लीचे दुकान टाकले. ज्याच्यावर एका किल्लीपायी आळ आला, त्याने पुढची सारी हयात किल्ल्याच कानशीने घासल्या. मी त्या रस्त्याने जाणे सोडले. भाजी आणायला लांबचा वळसा घ्यायची, आणि लेकीला सांगायची की चालणे प्रकृतीला चांगले.

गेल्या महिन्यात हॉटेलची इमारत पाडायला निघाली. थोरल्या मालकांच्या नातीचा फोन आला, “मावशी, व्हिनेगरच्या कपाटात मागे सहा बाटल्या निघाल्यात. लेबलं नाहीत. ओतून टाकू ना?”

“हात लावशील तर याद राख!” मी म्हणाले आणि रिक्षा केली. का तसे म्हणाले, मलाच कळेना. सहा हा आकडा माझ्या कानाला बरा वाटत नाही, इतकेच.

तिथे लिलाववाल्यांचा एक जाणकार भिंग घेऊन बसला होता. तो म्हणाला, “बाई, व्हिनेगरच्या कपाटात होत्या, म्हणजे व्हिनेगरच.”

“साहेब, व्हिनेगरच्या बुचावर कोणी लाख ओतून मोहोर मारतं का?” मी विचारले. मग बाटली दिव्यासमोर धरली. आतला रंग तांबूस आणि नितळ, तळाशी गाळाचा कण नाही. एका बाटलीचे बूच भुगा झाले होते. तिच्यातले दोन थेंब मी तळहातावर घेतले, हात चोळले आणि नाकाशी धरले. आधी झोंबतो तो मद्यार्क. तो उडून गेला की मागे राहतो जुन्या लाकडाचा आणि मनुकांचा वास. व्हिनेगर झोंबते आणि झोंबतच राहते. मी हात त्याच्या नाकासमोर धरले. त्याने चष्मा काढला.

“ब्रँडी आहे,” तो म्हणाला. “पण कुठली?”

“खालचा खण उघडा,” मी म्हणाले. ते कसे सुचले देव जाणे. खणात मेणकागदाचे पाकीट होते. आत सहा लेबले, अगदी जशीच्या तशी, आणि पाकिटावर माझे अक्षर: ‘सहा. कसरीपासून जपण्यासाठी काढली. परत लावणे.’

जाणकार टाळ्या वाजवायचा बाकी होता. ते अक्षर पाहिले आणि त्या दिवसाचे सारे आठवले. मी तळघराच्या पायरीवर बसले. काखेत कळसा नि गावाला वळसा, आणि तो वळसा एकेचाळीस वर्षांचा. मला आधी शरम वाटायला हवी होती. पण खरे सांगते, आधी वाटला तो आनंद. चोरलं नाही, त्यानं चोरलं नाही, असे मी मोठ्याने म्हणत होते, आणि मालकांची नात घाबरून पाणी आणायला पळाली. शरम नंतर आली, घरी येताना रिक्षात. ती अजून मुक्कामाला आहे.

जाणकार जाताना म्हणाला की ब्रँडी पिंपात म्हातारी होते, एकदा बाटलीत गेली की तिचे वय वाढत नाही. आमचे वाढले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पाकीट घेऊन धाकट्याच्या दुकानात गेले. तो मान खाली घालून किल्ली घासत होता. “साधी की दुहेरी दाताची?” त्याने विचारले आणि मग वर पाहिले. मी पाकीट पुढे ठेवले. त्याने वाचले. परत वाचले.

“सहाच्या सहा?”

“एकीचं बूच गेलं.”

“बरं झालं बाई. मला तर वाटायला लागलं होतं, मीच झोपेत प्यायलो की काय.” तो हसला, आणि हसता हसता त्याला रडू आले. मलाही आले. एक गिऱ्हाईक उभे होते, ते आल्या पावली परत गेले.

मग तो म्हणाला, “मॅनेजरनं विचारलं, आचाऱ्यानं विचारलं, माझ्या सासऱ्यांनीसुद्धा विचारलं, बाटल्या घेतल्यास का म्हणून. ताई, तू तेवढं विचारलं नाहीस.”

नाही विचारले. त्याने माफ केले असे म्हटले नाही. चहा मात्र मागवला, आणि माझ्या कपात साखर घालू नको असे पोऱ्याला सांगितले. एवढी वर्षे त्याच्या लक्षात होते.

५. लाख वितळवायची पळी, बुचे काढायचे तिन्ही स्क्रू आणि माझा कातडी एप्रन मालकांच्या नातीला द्यावा. तिने धाकट्याच्या नावे हॉटेलच्या कागदावर निर्दोष असल्याचे पत्र लिहून दिले, तेही मी न मागता. एक न उघडलेली बाटली तिने मला भेट दिली.

६. ती बाटली, लेबल परत चिकटवलेली, आणि कोठाराची जुनी किल्ली मी माझ्या धाकट्या भावाला देते. त्या किल्लीचे दार आता पाडले गेले आहे.

७. जुने हिशेब. चौकशी करणारे मॅनेजर वारले, त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही, कारण अति शहाणी मीच निघाले. तळमजल्यावरच्या डॉक्टरांनी माझ्या मांजरीला ‘लठ्ठ’ म्हटले होते, तेही माफ.

८. वरील मजकूर वाचून दाखवल्यावर घडलेले येथे जोडते. धाकटा आज प्रथमच या घरात आला आहे. साक्षीला दोघे हवेत असे वकीलबाईंनी सांगितले. डॉक्टर होतेच. दुसरे कोण, म्हणून लेक जिन्यात डोकावत होती, तेव्हा धाकटा म्हणाला, “मी करतो की सही.”

“करू नका,” वकीलबाई म्हणाल्या. “साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळत नाही. बाटली जाईल.”

“साक्षीदारानं सांगायचं काय असतं?”

“की या शुद्धीवर आहेत आणि हे त्यांनी स्वतःच्या मनानं केलंय.”

“म्हणजे हिच्या बाजूनं बोलायचं.”

“तसंच म्हणा.”

“मग जाऊ द्या बाटली,” तो म्हणाला, आणि माझ्याकडे वळला. “काय गं ताई, शुद्धीवर आहेस ना?”

“आहे रे,” मी म्हणाले.

त्यामुळे सहावे कलम रद्द. किल्ली मी आत्ताच त्याच्या खिशात घातली. बाटलीने माझ्या मरणाची वाट पाहण्याचे कारण उरलेले नाही. लेक पेले धुते आहे. डॉक्टरांनी घड्याळात अकरा वाजलेले पाहिले आणि पाहिले नाही असे केले.

स्थळ: माझे स्वयंपाकघर, खिडकीजवळचे टेबल.
दिनांक: ९ मार्च, सकाळ.

सही: किल्लीबाई

साक्षीदार पहिला: तळमजल्यावरचे डॉक्टर. (मांजर लठ्ठच आहे.)

साक्षीदार दुसरा: धाकटा भाऊ, धंदा कुलूप-किल्ली. ताई शुद्धीवर आहे. मी तिला विचारलं.