पोर आधी कुणाच्या पाया पडली

मी, वीरभद्रप्पा बिन मल्लप्पा, वय अदमासे सत्तर, धंदा तेलघाणा, राहणार शुक्रवार पेठ, सोलापूर, राजीखुशीने व कुणाच्या दडपणाशिवाय हे मृत्युपत्र लिहून ठेवतो. अक्कल शाबूत असल्याचा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. मला विचाराल तर एका गोष्टीपायी डोक्यात घाणा फिरतो आहे. ती खाली येईलच.

कलम पहिले. राहते घर मुलगा सिद्धाराम यास. पहिली बायको गौरव्वा नांदत असता त्याने दुसरे लग्न केले, म्हणून देऊ नये असेही वाटते. पण एकुलता एक, टाकू कुठे? द्यावे.

कलम दुसरे. घाणा, बैल व तेलाची मापेही त्यालाच. शेजारच्या धुळाप्पास माप उसने देऊ नये. एकदा पोचा पाडून आणले आणि वर मलाच म्हणतो, "आधीच व्हता की." तरी साक्ष त्याचीच घेतो. मापाखेरीज तो खोटे बोलत नाही.

कलम तिसरे. नात नागव्वा, गौरव्वाची पोर. वकील म्हणतात, पोर ही मिळकत नव्हे, मृत्युपत्रात वाटता येत नाही. कबूल. मग माझ्यामागे तिने कुणाजवळ राहायचे, हे मी कुठे लिहू?

हकीकत अशी. घरात सवत आल्यावर गौरव्वा माहेरी होटगीस गेली. पोर आम्ही ठेवून घेतली. तेव्हा गौरव्वाने जिल्हा कोर्टात अर्ज केला. जज्जसाहेब म्हणाले, कायद्याने हक्क बापाचा, तरी पोरीचे हित पाहणे आहे, तिलाच विचारू. "जा बाळ, ज्याच्याजवळ राहायचे त्याच्याकडे जा." पोर थेट माझ्याकडे आली आणि पाया पडली. साहेब म्हणाले, "झाले." गौरव्वा तोंडात पदर धरून बाहेर गेली. पोरीने मला निवडले, असे मी पेठभर सांगत फिरलो.

यंदा संक्रांतीला एका पाहुणीने तिळगूळ द्यायला नागव्वाला हाक मारली. ती आधी माझ्या पाया पडली, मग तिच्याकडे धावली. शिस्त मीच लावलेली: कुणाकडेही जायचे तर आधी घरातल्या थोरल्याच्या पाया पडायचे. मला कोर्टातले तिचे पाया पडणे आठवले.

विचारले, "नागे, कोर्टात तू माज्याकडं आली व्हतीस ना?"

"पाया पडाया आले की. मग सायबानं जाऊच दिलं न्हाय."

"मग कुणाकडं जाणार व्हतीस?"

"आता ध्यानात न्हाय, आज्जा."

तिच्या ध्यानात नाही आणि मला उमगत नाही. माझा तिला लळा आहे, हे खरे. तापात आईला हाका मारते, हेही खरे. कोर्ट तरी काय करणार, त्याने पाहिले ते मीही पाहिले होते.

म्हणून माझी माती झाल्यावर गौरव्वास होटगीहून मानाने आणावे. तिने व सिद्धारामाने जमिनीवर बसावे, पाय घोंगडीखाली झाकून. पाया पडण्याजोगे पाऊल पोरीला दिसू नये. मग तिला विचारावे. मध्येच कुणी "झाले" म्हणू नये. ती जाऊन बसेल तिथेच ती राहील. कायद्यात हे बसते की नाही, ठाऊक नाही. सिद्धारामाने ऐकले नाही तर घर व घाणा नागव्वाचे.

भिंतीवरचा माझा फोटो त्या वेळी उतरवून ठेवावा. नाहीतर पोर आधी त्याच्याच पाया पडेल.

सोलापूर, ता. २ फेब्रुवारी १९३२
सही: वीरभद्रप्पा बिन मल्लप्पा, दस्तुरखुद्द

आमच्यासमक्ष वाचून दाखवले व सही झाली:
१. रेवणप्पा बिन सिद्धप्पा
२. धुळाप्पा बिन गुंडा (मापाचे कलम मान्य नाही, बाकी खरे)