गुलाबाचं कुणी विचारत नाही

प्रिय छोटे,

अभिनंदनाचा फोन करायला जमलं नाही. म्हणजे केलाच नाही. मला तुझा हेवा वाटतो आणि तो माझ्या आवाजात लपत नाही, म्हणून आपलं पत्र.

सार्वजनिक बागेच्या चौकशी-खिडकीत तुला मीच चिकटवलं होतं. म्हटलं, बसेल बापडी, लोकांना रोपवाटिकेची वाट दाखवेल. तू मात्र लोक काय काय विचारतात ते कान देऊन ऐकत राहिलीस आणि बागेच्या साहेबांना सांगितलंस, की लोकांचं जिथं अडतंय तेच आपण शिकवू. पुदिना का सुकतो, कुंडीत मुंग्या का होतात, असलं! माझ्या गुलाबाच्या कलमांबद्दल म्हणे कुणी चकार शब्द काढत नाही. तुला खुरपं धरायला शिकवलं मी, आणि माझा रविवारचा वर्ग मोठ्या हॉलसकट तुझा. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

मग मी माणसं पाठवली. शेजारीण, भाचा, आणि कुणीच उरलं नाही तेव्हा तुझे भावजी. खिडकीशी गुलाबाची गर्दी दिसली की साहेब माझा वर्ग परत देतील, असा माझा हिशेब. घोळ एवढाच झाला, की सगळ्यांना मी एकच वाक्य पाठ करून दिलं: 'कलमासाठी गुलाबाला डोळा कोणत्या महिन्यात भरावा?' जन्मात कुंडीला पाणी न घातलेला माणूस हे विचारतोय म्हटल्यावर तुला कळायचं ते कळलंच असणार. पण तू हसली नाहीस. नीट उत्तर दिलंस, वर त्यांना चहा पाजलास. तो चहा मला फार झोंबला.

काल तुझ्या वर्गाच्या दारापर्यंत आले होते. चुका काढायला, दुसरं कशाला! एक बाई विचारत होती, गॅलरीत ऊन येत नसेल तर काय लावावं? तेवढ्यात तू दाराकडे पाहिलंस आणि मी पळ काढला. उत्तर ऐकायचं राहिलं. अंगण सोडून या फ्लॅटमध्ये आल्यापासून गुलाब मजेत आहेत असं तुला सांगत आले, पण एकही जगला नाही गं. कुंड्या रिकाम्या पडल्यात. त्या बाईला काय सांगितलंस ते मलाही कळव. आणि लोकांचे प्रश्न मोजशील तेव्हा हा माझ्या नावावर धर. हा कुणी पढवलेला नाही.

जळकी, तरी तुझीच,
ताई