रुचिताच्या प्रोफेसरांशी माझा पत्रव्यवहार

७ नोव्हेंबर २००४, रविवार
रुचिताला अमेरिकेत पीएचडी करायचीय. विषय: खाडीच्या चिखलातले खेकडे. मुलगी एम.एस्सी.ला फर्स्ट क्लास, आणि सुट्टीच्या दिवशी राई गावच्या खाडीत उतरून चिखलाने माखून घरी येते. सोसायटीत मी 'मरीन रिसर्च' एवढंच सांगितलंय.
आज कळलं, नुसता फॉर्म भरून चालत नाही. तिथल्या प्रोफेसरांशी आधी पत्रव्यवहार करावा लागतो. पत्रव्यवहार! उभ्या नोकरीत मी दुसरं केलं काय? व्हीआरएस घेतल्यापासून हात नुसते शिवशिवतायत.
संकल्प: ही जबाबदारी माझी.
तिला तसं सांगितलं. म्हणाली, बाबा, मी करतेय, तुम्ही नका काळजी करू. लाजाळू आहे पोरगी.

९ नोव्हेंबर
मसुदा तयार. तीन पानं. सुरुवात 'विथ रेफरन्स टू द सब्जेक्ट सायटेड अबव्ह'ने. दुसऱ्या पानावर घराण्याची माहिती, सौ. हंसाच्या माहेरासकट. फ्लॅट स्वतःचा आहे, हेही घातलं. स्थैर्य दिसतं.
रुचिताने पहिला परिच्छेद वाचून परत दिला. म्हणे, प्रोफेसरांना एवढं वाचायला वेळ नसतो. त्यांचे पेपर आपण वाचायचे आणि त्यांच्या कामाबद्दल चार ओळी लिहायच्या.
ठीक. चार ओळी शेवटी जोडल्या. आता साडेतीन पानं.

१६ नोव्हेंबर
तिच्या टेबलावर प्रोफेसरांची नावं आणि ईमेल लिहिलेली होती. उतरवून घेतली. याला चोरी म्हणत नाहीत, समन्वय म्हणतात.
केबिन रोडवर गुणवंतभाईंचा सायबर कॅफे आहे. तिथे स्वतःचा आयडी उघडला. सगळ्या प्रोफेसरांना एकच मेल, सगळ्यांची नावं एका ओळीत. प्रत्येकाला दिसू दे, बाकीचेही रांगेत आहेत. टेंडरला अशीच स्पर्धा लागते.
रुचिताला बोललो नाही. सरप्राइज.

१७ नोव्हेंबर
एका दिवसात उत्तर! डॉ. हॉलिस. लिहितात, मी जूनपर्यंत सबॅटिकलवर आहे, मेल नियमित पाहणं होणार नाही. डिक्शनरी पाहिली: अभ्यासासाठी रजा. अनोळखी माणसाला स्वतःच्या रजेचा तपशील कळवणं, याला म्हणतात संस्कृती.
आभार मानून प्रकृतीची चौकशी केली. चहा येईपर्यंत पुन्हा उत्तर. मजकूर तोच, पण तत्परता बघा. तिसऱ्यांदा लिहिलं, तिसऱ्यांदा उत्तर. गुणवंतभाई म्हणाले, साहेब, ये तो मशीन है, अपने आप जवाब देता है. मशीनला रजा कशाला लागेल? मी वाद घातला नाही.

२९ नोव्हेंबर
बाकी सगळे गप्प. रिमाइंडर नंबर एक पाठवला.

६ डिसेंबर
रिमाइंडर नंबर दोन. हंसाने विचारलं, अहो, रोज उठून केबिन रोडला काय असतं? म्हटलं, भाजी. भाजी आणायला विसरलो.

१३ डिसेंबर
फायनल रिमाइंडर. 'सात दिवसांत उत्तर न आल्यास आपणास स्वारस्य नाही असे समजण्यात येईल.' कडक, पण सभ्य. अशा एका पत्रावर मी एकदा बंद पडलेली लिफ्ट चालू करून घेतली होती.

१५ डिसेंबर
आलं! डॉ. लेस्ली केंडल. एकच ओळ: मी 'सर' नाही.
बाई निघाल्या. आता आमच्या ऑफिसातला लेस्ली उत्तन गावचा, चांगला मिशीवाला. माझी काय चूक? लगेच खुलासा पाठवला, की आमच्याकडे 'सर' हे पद असतं, व्यक्ती नव्हे. प्रकरण मिटलं. शिवाय संबंध प्रस्थापित झाले.

२२ डिसेंबर
प्रकरण मिटलेलं नाही.
केंडलबाईंनी रुचितालाच मेल करून विचारलं, ईश्वर नावाचे हे गृहस्थ तुझे कोण? म्हणजे ती या बाईंना पावसाळ्यापासून लिहितेय. खेकड्यांचे फोटो पाठवतेय, बाई उलट प्रश्न विचारतायत, ही उत्तरं देतेय. बाई तिला घ्यायच्या विचारात होत्या. आणि मध्येच माझे तीन रिमाइंडर. बाईंना वाटलं, मुलीला स्वतःला यायचंय की घरचे ढकलतायत?
हे मला कुणी सांगितलं नव्हतं. रुचिता म्हणाली, तुम्ही विचारलं नव्हतंत. मी टेंडरचा मुद्दा मांडला. तो मांडायला नको होता. सगळ्यांची नावं सगळ्यांना दिसली, हे तिला तोपर्यंत माहीतच नव्हतं.
ओरडली असती तर बरं झालं असतं. हळू आवाजात म्हणाली, "बाबा, माझं आयुष्य आहे ते. जावक नंबर टाकून पाठवायचं पत्र नाही."
मग आत जाऊन बाईंना माफीचं लिहायला बसली. मी म्हटलं, मसुदा दाखव. हंसाने माझा हात धरून मला गॅलरीत आणून बसवलं.
रुचिता जेवली नाही. मीही नाही. म्हणजे उशिरा जेवलो.

१ जानेवारी २००५
संकल्प: सायबर कॅफेत पाऊल टाकणार नाही.

४ जानेवारी
फक्त पाहायला गेलो होतो. काही नाही. डॉ. हॉलिसना नववर्षाच्या शुभेच्छा दिल्या. लगेच उत्तर आलं. हा एक माणूस जोडला गेला.

११ फेब्रुवारी
केंडलबाईंचा फोन. मुलाखत. फोनच्या वेळेपुरता मी स्वयंपाकघरात, अशी हंसाची ऑर्डर. दार लावलेलं. तरी रुचिताचा आवाज ऐकू येत होता. इतकं भराभर, न अडखळता, मधेच हसून इंग्रजी बोलते, हे मला ठाऊक नव्हतं. मी ओट्याला टेकून उभा राहिलो. कुकरच्या शिट्ट्या झाल्या त्याही कळल्या नाहीत. वरण लागलं.
नंतर तिला विचारलं, माझा विषय निघाला का? म्हणाली, हो, शेवटी. बाईंनी एवढंच विचारलं, वडीलही बरोबर येणार आहेत का?
म्हटलं, बघ, आमंत्रण आहे. दोघीही हसल्या. दोन महिन्यांनी रुचिता माझ्यासमोर हसली. मी खुलासा केला नाही.

१९ मार्च, शनिवार
अॅडमिशन! स्कॉलरशिपसह! हंसा रडली. रुचिता माझ्या पाया पडली आणि पडता पडता तीही रडली. मी पेढे आणले, दोन्ही विंगमध्ये वाटले. म्हटलं, शेवटी फॉलो-अप कामी आला. यावर घरात कुणी काही बोललं नाही. मौन म्हणजे संमती.

२० मार्च
केंडलबाईंचा मेल, थेट मला! दोनच ओळी. प्रिंट काढून घेतला, गुणवंतभाईंनाही दाखवला. घरी येऊन हंसाला बसवून वाचून दाखवला. म्हटलं, बघ काय लिहितात, तुमची मुलगी फार सुंदर पत्रं लिहिते. कुणाकडून शिकली असेल?
हंसाला इंग्रजी फारसं येत नाही, पण ओळी मोजता येतात. म्हणाली, आणि खालची ओळ?
खालची ओळ वाचली: 'शी डझन्ट नीड एनी हेल्प.'
"म्हणजे काय?" हंसाने विचारलं.
म्हटलं, म्हणजे, तिला कुणाच्याही मदतीची... आणि थांबलो. हंसा वाट बघत होती. पुरं करावं लागलं. गरज नाही, म्हटलं.
इंग्रजीत वाचताना ते वाक्य माझ्याबद्दल आहे, असं वाटलं नव्हतं.