जुईचा उजवा हात

४ फेब्रु.
जुईला आज तीन महिने. माहेरी आईने लापशी केली, कोणी नीट खाल्ली नाही. उजवा हात तसाच, अंगाला चिकटलेला, तळवा मागे. बोटं हलतात, माझं बोट घट्ट धरते. पण कोपर वाकत नाही. जन्मताना खांदा अडकला, ओढून काढली, नाहीतर गेलीच असती. हे रोज स्वतःला सांगते.
आई मालिश करताना दरवेळी म्हणते, "येईल गं, कवळी आहे अजून." आज नुसतंच तेल चोळत राहिली.

९ फेब्रु.
जुईचा बाबा, निलेश, मिलमधून सुट्टी काढून आला. इंदूरला गेलो. डॉ.नी हात उचलला, सोडला. पडला. "मानेतल्या नसा नुसत्या ताणल्यात की तुटल्यात, वरून कळत नाही. एमआरआय करू."

१० फेब्रु., इंदूर
भूल द्यायची म्हणून सकाळपासून दूध बंद. जुई माझ्या छातीशी तोंड घासत राहिली. शेवटी निलेश तिला घेऊन लांब जिन्यापाशी गेला, माझा वास येऊ नये म्हणून. तिचं रडणं तिथूनही ऐकू येत होतं. ब्लाउज दुधाने ओला.
मग दार बंद. आतून मशीनचं ठक ठक ठक. एवढ्याशा जिवाला...
जागी झाल्यावर प्यायली, डोळे मिटूनच.

११ फेब्रु.
डॉ.नी पडद्यावर दाखवलं. मणक्याशी पांढरा फुगा.
"इथे नस मुळातून उपटलीये. खालची ही तुटलीये. मालिशने जुळत नाही. पायातली एक कमी कामाची नस काढून जोडू."
निलेश म्हणाला, "नॉर्मल होईल ना सर, बिलकुल?"
"नॉर्मल नाही म्हणणार मी. कोपर वाकेल, अशी आशा."
परतीच्या बसमध्ये असीरगढचा किल्ला मागे गेला तेव्हा निलेश खिडकीकडे तोंड करून रडत होता. मी पाहिलं नाही असं दाखवलं.

१५ फेब्रु.
डोईफोडियाहून सासूबाई आल्या. "पोरीची जात. मानेवर टाके, पायावर टाके. उद्या कोन करीन तिला?"
निलेश दुपट्याची घडी घालत बसला. मीच सासूबाईंना म्हणाले, "आई, आधी तिला हाताने घास खाता येऊ दे. लग्नाचं लग्नाच्या वेळी." पहिल्यांदाच उलट बोलले.
त्यांनी जुईला मांडीवर घेतलं. उजवी मूठ उघडून बघितली. पुन्हा मिटली. चहा न घेता गेल्या.

३ मार्च, इंदूर
ऑपरेशन झालं. सकाळी नेली ती उन्हं कलल्यावर आणली. डॉ. म्हणाले, जोडलंय. पण नस फार हळू वाढते, कित्येक महिने काहीच दिसणार नाही. कदाचित...
मी जुईच्या अंगावरचं पांघरूण सारखं केलं.
सासूबाईंचा फोन, निलेशला. "दूध प्यायली का?" एवढंच.

५ मार्च
हात छातीशी पट्टीने बांधलाय. जुई जागी आहे. डाव्या हाताने पट्टी ओढते. मी तिचा हात बाजूला करते. ती परत ओढते.