पायातलं न काढता आलेला पाहुणा

आदरणीय वन्संना,

फुमिएचा वाकून नमस्कार. ह्या दमट हवेत तुमचे गुडघे कसे आहेत? मागच्या पत्रात तुम्ही "आता अगदी बरे" असं लिहिलंत, पण अक्षर मधेच एवढं वाकडं झालं होतं की जिन्यात अर्ध्यावर बसूनच तुम्ही ते पूर्ण केलंत हे मला कळलं. (आयुष्यभर मुलांच्या वह्या तपासल्या आहेत, मला फसवू नये.) मी ठीक आहे. हायड्रेंजिया फुलला आहे, कपाटातल्या छत्रीलासुद्धा बुरशी आली आहे, आणि उमेच्या झाडाची आंबट फळं मिठात घालून झाली. ह्या वर्षी निम्मीच घातली. खाणारं निम्मंच राहिलं आहे.

पत्र लिहिण्याचं कारण एवढंच, की जिल्ह्याच्या वर्तमानपत्रात आतल्या पानावर माझा फोटो आला आहे, आणि तो तुमच्यापर्यंत पोचण्याआधी खरी हकीकत तुम्हाला माझ्याकडून कळावी. फोटोत मी ॲप्रन घालून, झाडू हातात घेऊन रागाने बघते आहे. वर मथळा आहे, "निवृत्त शिक्षिकेच्या घरी परग्रहावरचा पाहुणा". त्यात खरं म्हणाल तर ॲप्रन आणि झाडू. आणि राग.

तुम्ही लग्न होऊन गेलात तेव्हा ह्या गावात भाताची शेतं आणि आपलं गाद्यांचं दुकान होतं. शेतं पडीक झाली, मुलं शहरात गेली, तेव्हा नगरपालिकेला आठवलं की मागच्या डोंगरावर कधी काळी कोणाला तरी उडती तबकडी दिसली होती. आता बसथांबा तबकडीच्या आकाराचा आहे, वाफेच्या पावात लाल चवळीचं सारण तेच पण वर दोन डोळे काढलेले असतात, आणि स्टेशनसमोर हिरव्या परग्रहवासीयाचा पुतळा आहे. (त्याला कोणा म्हातारीने रस्त्यावरच्या जिझोदेवाला बांधतात तसं लाल लाळेरं बांधलं. आता त्याच्यापुढे रोज भाताचा मुटकाही असतो. विज्ञान शिकवून मी ह्या गावात काय साधलं ते ह्यावरून बघा.) तुमच्या भावाला हे सगळं मनापासून आवडायचं हे तुम्हाला ठाऊकच आहे. दर शनिवारी चहाचा थर्मास घेऊन हे डोंगरावर जाऊन बसायचे. उतारवयाची सगळी वर्षं आकाशाकडे बघण्यात गेली, आणि दिसलं काय, तर विमानं आणि एकदा कोणाचा तरी सुटलेला पतंग. तरी उतरताना चेहरा असा, की जणू पाहुणे येऊन जेवून गेले.

तर मूळ गोष्ट. गेल्या महिन्यात एका दुपारी गार नूडल्स खाऊन मी मागच्या खोलीत, ह्यांनी शेवटी भरलेल्या गादीवर, उताणी पडले. डोळा लागला. थोड्या वेळाने जाग आली, म्हणजे डोळे उघडले, खिडकीतलं पावसाचं पाणी दिसलं, शेजारच्या ताकेनोबाईंचा रेडिओ ऐकू आला, पण हातपाय हलेनात. छातीवर कोणी ओली गादी वाळत टाकावी तसा भार. आणि कपाटापाशी, माझ्याकडे पाठ करून, पांढुरक्या कपड्यातलं कोणीतरी उभं. बुटकंसं. काहीतरी शोधत असल्यासारखं. मला भीती वाटली नाही. मला संताप आला, कारण ते पायातलं न काढता तातामीच्या चटईवर उभं होतं. वन्सं, भूकंप झाला तेव्हासुद्धा ह्या घरात अग्निशमन दलाच्या माणसांनी दारात बूट काढले होते. मी ओरडायला गेले तर जीभही हलेना. मग एकदम सगळं सुटलं, मी उठून बसले, आणि खोलीत कोणी नव्हतं.

चोर असणार, किंवा गॅसचं मीटर बघणारा नवा माणूस, असं मी ठरवलं. गल्लीचा सूचनाफलक त्या दिवशी माझ्याकडेच आला होता (अजूनही तीच पाटी, तोच चिमटा, वाचून शिक्का मारायचा आणि पुढच्या घरी द्यायचा). कचरा उचलायच्या वारांखाली मी स्वच्छ अक्षरात लिहिलं, "दुपारच्या वेळी कोणी व्यक्ती पादत्राणांसह घरात शिरते. ज्याने कोणी हे केले त्याने यापुढे दारात पादत्राणे काढावीत." आणि शिक्का मारून दिला पुढे.

संध्याकाळी ताकेनोबाई पाटी घेऊन उलट माझ्याकडेच आल्या. "अहो, म्हणजे पायातलं काढून शिरला तर चालेल का तुम्हाला? आणि शिरला कुठून? दाराला कडी होती ना?"

होती. खिडकीला जाळीही होती. मग माझं मलाच हसू आलं, कारण हा धडा मी स्वतः वर्गात शिकवला आहे. मेंदू जागा होतो, शरीर झोपेतच राहतं, आणि मधल्या फटीत मेंदू स्वप्नातली माणसं खोलीत उभी करतो. कानाशिबारी म्हणून आपली आजी घाबरायची ते हेच. छातीवर भार, खोलीत कोणीतरी, सगळं पुस्तकातल्यासारखं. पण फलक सगळ्या गल्लीत फिरून आला होता, आणि प्रत्येक घराने त्यावर इमानेइतबारे शिक्का मारला होता.

दुसऱ्याच दिवशी निशिमोरी हजर. तुम्ही त्याला ओळखत नाही. पर्यटकांसाठी काढलेल्या तबकडी भवनाचा प्रमुख आहे, आणि माझ्या वर्गात विज्ञानात दोनदा बसला होता. पाहुण्यांना बसायला ठेवलेली उशी बाजूला सारून खाली गुडघ्यांवर बसला आणि म्हणाला, "बाई, तुम्हाला दिसलं म्हणजे संपलंच. बाकीच्यांनी सांगितलं तर लोक हसतात. तुम्ही सांगितलंत तर कोणाची हसायची छाती आहे?"

"निशिमोरी, ती झोपेची अवस्था होती."

"हो बाई. पण कडी लावलेल्या घरात शिरणं त्यांना जमतं, असं सगळीकडे लिहिलेलं आहे."

"कुठे लिहिलेलं आहे?"

"आमच्या पत्रकात."

मी त्याला हाकललं. वर्तमानपत्राचा माणूस त्यानेच पाठवला, झाडूवाला फोटो तेव्हाचा.

त्यानंतर आठवड्याभरात तो पाहुणा पुन्हा आला. तीच वेळ, तसाच पाऊस. ह्या वेळी मी तयार होते. घाबरायचं नाही, निरीक्षण करायचं, असं मी मनाला बजावलं आणि डोक्यापासून पायापर्यंत सगळं नीट पाहून घेतलं. पण पायांपर्यंत नजर गेली आणि माझी शास्त्रीय वृत्ती तिथे संपली. सगळी ताकद जिभेत आणली. आणि वन्सं, आवाज फुटला! खणखणीत, पन्नास मुलांच्या वर्गात शेवटच्या बाकापर्यंत जायचा तसा. "आधी पायातलं काढा!"

त्याने खाली स्वतःच्या पायांकडे पाहिलं. मग ते माझ्याकडे वळायला लागलं. अर्धवट वळलं, थांबलं, आणि वर्गाबाहेर उभं केलेल्या मुलासारखं खांदे पाडून दाराकडे गेलं. चेहरा दिसला नाही.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी उपाय सांगितला: जेवणानंतर झोपायचं नाही, आणि झोपलंच तर उताणं नाही. झोपायच्या सदऱ्याच्या पाठीवर टेनिसचा चेंडू शिवून टाकायचा, म्हणजे पाठीवर वळलं की टोचतो. मी शिवला. उपाय अचूक आहे. पाहुणा बंद झाला.

इथे मी थांबले असते तर बरं झालं असतं. पण निशिमोरी पुन्हा आला आणि म्हणाला, "बाई, तबकडी भवनात सभा आहे, तुम्ही येऊन तुमचं शास्त्रीय कारणच सांगा, मी मधे बोलणार नाही." मोह झाला. मेंदूचा जुना तक्ता गुंडाळी करून घेऊन गेले. सभेला अर्धं गाव आलं होतं, बहुतेक माझेच विद्यार्थी, केस पिकलेले. कोपऱ्यात तोक्योहून आलेली एक मुलगी बसली होती. लोक सांगतील तसं चित्र काढून द्यायचं, हे तिचं काम. मी वर्णन करत गेले आणि तिने आपल्या मनाने चकचकीत कपडे आणि धातूचे बूट काढले.

चूक दिसली की मला दुरुस्त केल्यावाचून राहवत नाही. मी म्हणाले, "बूट नाहीत. पेंढ्याच्या वहाणा. दोरी घोट्याला गुंडाळलेली. गाठ अशी आडवी नाही, उभी. खोडून काढा."

सभागृहात हातातले पंखे हलत होते, ते थांबले. ताकेनोबाईंनी आपला पंखा मांडीवर ठेवला.

"उभी म्हणजे कशी, आजी?" त्या मुलीने विचारलं.

 ताकेनोबाईच तिच्याकडे वाकून हळू आवाजात म्हणाल्या, "अगं, जिवंत माणसाच्या पायाला तशी गाठ मारत नाहीत. गेलेल्याला पेटीत ठेवताना मारतात. लांब चालत जायचं असतं ना त्यांना."

वन्सं, ह्यांच्या पेटीपाशी तुम्ही माझ्या शेजारीच बसला होतात. डाव्या पायाची गाठ तुम्ही मारलीत, उजव्या पायाची मी. मी अंत्यविधी करणाऱ्या माणसाशी हुज्जतही घातली, की उभी गाठ वाटेत सुटेल, आडवी मारू द्या. तो म्हणाला, अशीच मारायची असते. आणि सगळ्या गावाला एका क्षणात जे कळलं ते मला, हातांनी गाठ मारणारीला, दोन वेळा समोर उभं राहूनही कळलं नव्हतं.

मी भाषण पूर्ण केलं. तक्ता दाखवला. डोळ्यांनी पूर्वी पाहिलेलंच मेंदू समोर उभं करतो, मी ती गाठ पाहिली होती, म्हणून ती मला दिसली, ह्यात गूढ काही नाही, हे क्रमाने समजावलं. इतका शांत वर्ग मला नोकरीत कधी मिळाला नाही. कोणी शंका विचारली नाही. निशिमोरीने ते चित्र भवनाच्या भिंतीवर लावलं नाही. घडी न घालता दोन्ही हातांनी मला आणून दिलं. मी म्हणाले, "ह्याने काहीही सिद्ध होत नाही, समजलं ना?" तो म्हणाला, "हो बाई." नापास झाल्यावर म्हणायचा तसंच.

घरी येऊन चेंडू उसवला. तेव्हापासून रोज दुपारी गार नूडल्स खाऊन, त्याच गादीवर, त्याच खिडकीकडे पाय करून उताणी पडते. डोकं शांत झोपतं, शांत उठतं. छत दिसतं. ताकेनोबाईंचा रेडिओ ऐकू येतो. हात चटकन हलतो. इतकी निरोगी झोप मला उभ्या आयुष्यात लागली नव्हती, आणि तिचा मला विलक्षण राग येतो.

मनात एकच येत राहतं. हे डोंगरावर बसून कोणाची तरी वाट बघायचे. कोणी खरंच उतरलं असतं, तर ह्यांनी थर्मासचं झाकण पुढे करून अनोळखी ग्रहावरच्या माणसालाही आधी चहा दिला असता. माझ्याकडे मात्र ओळखीचं माणूस आलं, एवढ्या लांबून चालत आलं, आणि मी काय म्हणाले, तर पायातलं काढा.

असो. पुढच्या महिन्यात ह्यांचा पहिला बोन, गेलेली माणसं घरी येतात म्हणतात ते दिवस. पांढरा कंदील आणून ठेवला आहे, पुरोहितांना सांगून झालं आहे, ह्यांच्या येण्याजाण्यासाठी काकडीचा घोडा आणि वांग्याची गाय ताकेनोबाई करून देणार आहेत. (मी केलेली गाय मागच्या खेपेला पडली होती.) ह्या उन्हात, दोन गाड्या बदलून, तुम्ही गुडघ्यांना त्रास देऊन येऊ नये. सगळं मी एकटी व्यवस्थित करीन. तुम्ही तिकडूनच उदबत्ती लावावी.

तुमची भावजय,
फुमिए

ता. क. वरचं शेवटचं वाक्य मोडीत काढावं. तुम्ही या. बोनच्या आधीच या, आणि काही दिवस राहा. काम एवढंच आहे, की दुपारी मी उताणी झोपेन तेव्हा तुम्ही माझ्या उशाशी बसायचं. त्या अवस्थेत जीभ हलत नाही आणि हललीच तर माझ्या तोंडून काय निघतं ते आपण पाहिलं आहे. म्हणून माझ्या वतीने तुम्ही बोलायचं. बसा म्हणायचं. चहा घ्या म्हणायचं. आहात तसे आत या म्हणायचं. तातामी नाहीतरी शरदात बदलायचीच आहे. गुडघ्यांसाठी मी खुर्ची आणून ठेवते. स्टेशनवर निशिमोरी गाडी घेऊन येईल, त्याला मी सांगितलं आहे. (तुम्ही याल हे गृहीत धरून सांगितलं, ह्याबद्दल क्षमा.)

आणखी एक. ह्यावरून मी असलं काही मानते असा अर्थ कोणी काढू नये. मेंदूचं कारण मी सांगितलं तेच खरं आहे, आणि कोणी विचारलं तर तुम्हीही तेच सांगावं.

शेवटचं. तुम्ही थोरल्या बहीण. लहानपणी काही बिनसलं की हे आधी तुमच्या मागे येऊन लपायचे असं तुम्हीच सांगता. तेव्हा इकडे यायचं टाळून तिकडे तुमच्याकडेच आधी आले, तर त्यांना सांगा, की फुमिए रागावलेली नाही.